लागलं का विचारायची खोड

माझ्या मुलीत खोट आहे हे मला तिच्या कबड्डीच्या सरांनी सांगितलं. मी एसटीत कंडक्टर आहे. त्या दिवशी फर्दापूरची फेरी करून आले होते, डोक्यात अजून घंटीच वाजत होती, आणि पोरीला घ्यायला म्हणून मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या मैदानावर थांबले होते. दिवसभर लोक मला काही ना काही ऐकवतच असतात, त्यामुळे ऐकून घ्यायची सवय आहे. सर बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, पोरगी लई भारी हाय. हाताला पकड हाय, पायाला वेग हाय. पण तिला एक खोड हाय."

मला वाटलं मोबाईल असेल, नाहीतर कुणी मुलगा असेल. सतराव्या वर्षी दोन्हीतलं एक असतंच.

"ती समोरचीला पाडती, आन् मग तिला विचारती, लागलं का म्हणून."

मी म्हणाले, "मग?"

"मग काय, ताई! नुसतं इचारत नाय. हात देऊन उठवती. गुडघ्याची माती झटकती."

हे सांगताना सरांनी तोंड असं केलं होतं की मी क्षणभर बाकावर बसून घेतलं. वाईट बातमी बसूनच ऐकावी असं माझी सासू म्हणायची.

कबड्डी सगळ्यांनाच ठाऊक असते, तरी एक सांगते. माझी मुलगी डाव्या कोपऱ्यात उभी राहते. समोरची चढाईला आली की तिचा घोटा दोन्ही हातांनी धरायचा आणि बाकीच्या पोरी येऊन अंगावर पडेपर्यंत सोडायचा नाही, एवढंच कोपऱ्याचं काम. घोटा धरला की माणूस पडतो. पडला की लागतं. लागलं की विचारावं, असं तिच्या डोक्यात कुठून शिरलं देव जाणे. मी तर घरात असं कधी विचारलेलं मला आठवत नाही.

सरांनी पुढचं सांगितलं तेव्हा मात्र माझे कान टवकारले. जिल्ह्याच्या संघात निवड झाली की राज्य स्पर्धा. राज्याचं प्रमाणपत्र हातात आलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करता येतो. खाकी आमच्या घरात आधीच आहे, पण माझ्या खाकीशी लोक सुट्ट्या पैशांवरून भांडतात. पोलिसाच्या खाकीशी कुणी भांडत नाही. मला माझ्या पोरीच्या अंगावर ती खाकी बघायची होती. इतकी, की रात्री झोपेत दिसायची. मध्ये आडवी होती ती फक्त ही खोड.

"निवड समितीला असली पोरगी चालत नाय," सर म्हणाले. "त्यान्ला वाटतं, हिच्यात जान नाय. खोड मोडा, ताई. मी हितं मोडतो, तुमी घरी मोडा."

आमच्या गल्लीत कुणाला शिंक आली तरी चार घरांतून औषध येतं. ही बातमी तर दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालणाऱ्यालाही माहीत होती. समोरच्या काकूंनी भात बंद करायला सांगितला. भातानं माणूस मऊ होतो म्हणे. माझ्या भावाचं मत मटणाच्या बाजूनं पडलं. कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्यानं तिच्या फोनवर मारामारीचे व्हिडिओ पाठवले. ते तिनं पाहिले आणि त्यातल्या हरलेल्या माणसाचं पुढं काय झालं ते शोधत बसली. तिच्या वडिलांनी उपाय काढला की पोरीला घरात उगीचच चिडवायचं, म्हणजे राग साठेल. हा माणूस वाळूजच्या कंपनीत पाळीवर जातो, त्याला घरात मुळात बोलायची सवय नाही. तरी त्यानं नेटानं चहाला नावं ठेवली, भाकरीला नावं ठेवली. पोरीला वाटलं, पप्पांना बरं वाटत नाही. तिनं त्याला आलं घालून काढा करून दिला, कपाळाला हात लावून बघितला. चौथ्या दिवशी त्यानं प्रयत्न सोडला.

मग तो चापटीचा विषय निघाला.

मैदानात उतरायच्या आधी खेळाडूला गरम करायची आमच्याकडं जुनी रीत आहे. पोरं सरांपुढं ओळीनं वाकून उभी राहतात, सर प्रत्येकाच्या दोन्ही गालांवर एकेक सणसणीत चापट देतात, आणि पोरं "अजून एक, सर" म्हणतात. पोरींनाही तीच रीत होती. मध्यंतरी एका पोरीच्या वडिलांनी हरकत घेतली. परक्या पुरुषानं वयात आलेल्या पोरीच्या गालाला हात लावायचा नाही. यावर बैठक झाली. सगळ्यांनी मान्य केलं की मुद्दा बरोबर आहे, काळ बदलला आहे. पोरींना मारूच नये असं काही कुणी म्हणालं नाही. कुणी मारावं एवढाच प्रश्न होता. तो सरांनी चुटकीसरशी सोडवला. "आयांनी मारायचं. आई मारती त्याची तक्रार कोण करतंय?"

अशी आम्हा आयांची नेमणूक झाली. सामन्याच्या दिवशी आम्ही पदर खोचून रांगेत उभ्या राहायचो, समोर आपापल्या पोरी. एकजण मेस चालवायची, एकजण अंगणवाडीत होती, एकजण नुसतीच घाबरट. ती पोरीच्या गालावरून हात फिरवायची आणि डोळे पुसायची. सर ओरडायचे, "मावशी, लाड नंतर करा!" माझ्या हाताचं मात्र कौतुक झालं. धावत्या गाडीत एका हातानं दांडा धरून उभं राहणाऱ्या बाईचा हात आहे तो. माझा पहिलाच फटका ऐकून पलीकडच्या संघाचे लोक मागं वळून बघायला लागले. सर म्हणाले, "ह्याला म्हणत्यात आई!" त्यानंतर त्या घाबरट बाईनं आपली पोरगीही माझ्यापुढं आणून उभी केली. "ताई, तुमीच मारा हिला. मला नाय जमत."

माझ्या पोरीनं दोन्ही गालांवर खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं ते गिळलं, आणि माझा पंजा हातात घेऊन म्हणाली, "मम्मी, हाताला लागलं का गं?"

सर्वांसमोर. मला वाटलं, आता खरंच एक ठेवून द्यावी.

खोड गेली ती या कशानंच नाही. ती गेली एका दुपारी, गल्लीच्या मंडळाच्या स्पर्धेत. या स्पर्धांना माइकवर बोलणारा एकजण असतो. खेळ त्याच्याच हातात असतो म्हणा ना. तो पोरींना नावं ठेवतो, आणि ती नावं चिकटतात. एक जेसीबी होती, एक बिबट्या. चांगली पकड झाली की गर्दीतून कुणीतरी बक्षीस बोलतं, ते हा माइकवर पुकारतो. "या पकडीला आपल्या डेअरीकडून दोन लिटर म्हशीचं दूध! क्या बात है!" पकड जितकी जोरात, तितकं बक्षीस मोठं. समोरची लंगडत गेली तर अंड्यांचा ट्रे. एका पोरीला उचलून बाहेर न्यावं लागलं तेव्हा पाडणारीला हेल्मेट मिळालं. तिच्याकडं गाडी नव्हती, पण हेल्मेट आहे अजून, त्यात तिची आई कांदे ठेवते.

माझ्या पोरीनं त्या दिवशी सुरेख घोटा धरला. समोरची धाडकन आपटली. गर्दी उठून उभी राहिली. माइकवाल्यानं "आली! आली!" म्हणून सूर लावला, आणि ही वाकली, तिला हात दिला, आणि तिच्या कोपराकडं बघून काहीतरी विचारलं. माइकवाल्यानं सूर बदलला.

"आपल्या संघाकडून आता मैदानात," तो म्हणाला, "नर्सबाई!"

लोक हसले. मीही हसले असेन, कारण त्यानं म्हटलंच तसं. मग ते थांबेचना. प्रत्येक पकडीला गर्दीतून आवाज यायचा, "नर्सबाई, मलम आणलंय का?" "नर्सबाई, सलाईन लाव!" खांद्यावर लहान लेकरं घेऊन आलेले बाप ओरडत होते. लेकरंही ओरडत होती. आमचा संघ जिंकला, पण नर्सबाईच्या पकडींना कुणी थेंबभर दूध बोललं नाही.

घरी येताना ती माझ्या मागं मागं चालत होती. घराच्या पायरीवर बूट काढताना म्हणाली, "मम्मी, मी आता नाय इचारणार." बस, एवढंच. मी तिच्या वडिलांना फोन लावून सांगितलं. ते म्हणाले, "चला, सुटलो." संध्याकाळी मी अंड्याची भाजी केली.

जिल्ह्याची निवड चाचणी शहरातल्या मोठ्या मैदानावर होती, मॅटवर. समिती टेबलामागं बसली होती, पाण्याच्या बाटल्या पुढं. माइक नव्हता, पण माइकवाला प्रेक्षक म्हणून आला होता आणि त्याला माइकाची गरज नव्हती. समोरच्या संघात खुलताबादची एक मुलगी होती. बारीक, काळीसावळी, हरणाच्या पायांची, आणि त्या वर्षी तिच्याइतकी चढाई जिल्ह्यात कुणाची नव्हती. दोघींची ओळख होती. स्पर्धांना एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. माझ्या जवसाच्या चटणीवर तिचा फार जीव. सकाळीच तिनं मला विचारलं होतं, "मावशी, चटणी आणली का?"

सरांनी माझ्या पोरीला बाजूला घेतलं. मी तिथंच उभी होते. "ती घोटा सोडवायला गर्रकन वळती," सर म्हणाले. "वळू दे. तू सोडू नको. ती वळंल आन् तू धरूनच ऱ्हाशील, तर ती संपली." मी मान डोलावली. मला यात काही गैर वाटलं नाही. पंचालाही वाटलं नसतं, पकड नियमातच बसते. मग मी रीतीप्रमाणं पोरीच्या दोन्ही गालांवर मारलं. तिनं या वेळी काही विचारलं नाही.

ती मुलगी चढाईला आली. बोनसच्या रेषेकडं पाय टाकला, माझ्या पोरीनं झेप घेऊन घोटा धरला. ती वळली. पोरीनं धरूनच ठेवला. बाकीच्या पोरी येऊन वर पडल्या. खाली त्या मुलीचा पाय एकीकडं होता आणि गुडघा दुसरीकडं. शिट्टी झाली, पोरी उठल्या, माझी पोरगी अजून घोटा धरून होती. पंचानं येऊन तिचे हात सोडवले. एक गुण आम्हाला मिळाला. ती मुलगी ओरडली नाही, ती हवा तोंडानं आत ओढत होती. माझ्या पोरीनं तिच्याकडं एकदाही न बघता आपल्या जागी जाऊन मांडीवर थाप मारली, आणि सगळं मैदान टाळ्या वाजवत उभं राहिलं.

रिक्षा बोलावली. मॅट पुसली. सामना पुढं सुरू झाला. पोरीची निवड झाली.

मला आनंद झाला, उगीच खोटं कशाला बोलू? मी मैदानातच तिला मिठी मारली. सरांनी पेढे आणले. गल्लीच्या तोंडाशी तिचा फ्लेक्स लागला, 'मुकुंदवाडीची वाघीण', खाली शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले फोटो. विहारापुढच्या पटांगणात सत्कार झाला. पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यानं शाल घातली आणि भाषणात सांगितलं, "समोरचीचा पाय गेला, पण आपल्या लेकीनं हात सोडला नाय! याला म्हणत्यात जिद्द!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी शाल पांघरून खाली मान घालून बसली होती. सगळे म्हणाले, बघा किती विनम्र आहे. माइकवाल्यानं तिची माफी मागितली आणि तिला नवं नाव दिलं. ते मी इथं सांगत नाही. चांगलंच होतं, पण तिला आवडलं नाही.

त्यानंतर तिनं खुलताबादची भुणभुण लावली. रोज. जेवताना, केस विंचरताना, मी ड्युटीला निघताना. "मम्मी, एकदा जाऊन येऊ." मी म्हणाले, फोन कर. तिनं केला होता. ती मुलगी फोनवर हसून बोलली होती, आणि त्यानं हिचं काही भागलं नव्हतं. सर म्हणाले, "आत्ता नगा नेऊ, राज्याचं शिबिर तोंडावर हाय. पुन्हा खोड लागंल." पण पोरगी जेवेना. शेवटी माझ्या साप्ताहिक सुट्टीला आम्ही निघालो.

जाताना काय न्यावं, हा पेच पडला. बाळंतिणीला काय न्यायचं, मयताच्या घरी काय न्यायचं, नवीन घराला काय न्यायचं, सगळं ठरलेलं आहे. जिचा पाय आपल्या लेकीनं मोडला तिच्या घरी काय न्यायचं, हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही. समोरच्या काकू म्हणाल्या नारळ. भाऊ म्हणाला, नारळ म्हणजे चिडवल्यासारखं होईल. मी केळी घेतली, आणि चटणी कुटून डब्यात भरली.

गाडीत मी तिकीट काढून प्रवाशासारखी बसले. घाट लागला तेव्हा पोरगी म्हणाली, "मम्मी, त्यांनी मला बोललं तर तू मधी पडू नको."

"मी कशाला पडू?"

"तू पडतीस. शिव्या दिल्या तरी गप बस."

मी बरं म्हणाले. मी मनाची तयारीही केली. माझ्या पोरीला कुणी शिव्या देतंय आणि मी गप बसले आहे, असं चित्र डोळ्यांपुढं आणून बघितलं, आणि घाट संपेपर्यंत त्याची सवय केली.

त्यांचं घर गावाबाहेर, उताराला. अंगणात मेंढ्या कोंडायचा वाडगा, त्याच्या कुडाला पत्रे बांधलेले. मुलीचे वडील मेंढरांमागं नाहीतर मजुरीला जातात, पण आम्ही येणार म्हणून घरी थांबले होते. आम्हाला बघून ते दोन्ही हात पसरून पुढं आले. "या या या! वाघीण आली!" त्यांनी फ्लेक्सचा फोटो फोनवर बघितला होता. शेजारचे चारजण बोलावले होते, तेही ओट्यावर टेकले. "हीच व्हय ती?" "हीच की. ह्याच हातानं धरलं." एकानं पोरीचा पंजा उलटा करून बघितला.

ती मुलगी खाटेवर बसली होती. पाय लांब केलेला, मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टे आवळलेला कडक आधार. ती हसली. "अगं ये ना! शिबिर कधीये?" मग तिनं पोरीला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाली, "मला दाखव ना, मी वळल्यावर तू हात कसा ठेवला व्हता? मी बरी झाल्यावर डाव्या कोपऱ्यात खेळते बघ. पुढच्या वर्षी तुझाच पाय धरते."

शेजारचे हसले. पोरीनं तिच्या चांगल्या पायाच्या घोट्याला दोन्ही हात लावले, लगेच काढून घेतले.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"लिगामेंट गेलं म्हणत्यात. ऑपरेशन सांगितलंय. बघू," वडील म्हणाले. "पण बाकी पकड व्हती, बाई! म्या व्हिडिओ बघितला. आमच्या पोरीला आजवर कुणाच्यानं धरून ठेवणं झालं नव्हतं. पडावं तर असल्या हातानं पडावं." त्यांच्या तोंडावर खरंच अभिमान होता. आपली पोरगी साध्यासुध्या हातानं मोडलेली नाही, याचा. त्यांनी माझ्या पोरीसोबत फोटो काढला आणि तिथल्या तिथं कुणाकुणाला पाठवला.

माझी पोरगी त्या फोटोत कशी दिसते ते मला माहीत आहे. ती पाहुण्यासारखी आली नव्हती. शिक्षा घ्यायला आली होती, आणि इथं कुणी ती देत नव्हतं. ती एकदा त्या मुलीकडं, एकदा त्या वडिलांकडं बघत होती, कुणीतरी सुरुवात करेल म्हणून. मला तिची इतकी दया आली की वाटलं, मीच बाहेर जाऊन कुणाला तरी सांगावं, हिला दोन शब्द बोला.

मुलीची आई इतका वेळ आत होती. ती चहा घेऊन आली, सगळ्यांना कप दिले. मग माझ्या पोरीसमोर जमिनीवर बसली, गुडघ्याला हात टेकून. पदर डोक्यावर, कपाळावर चुलीची राख.

"बाई," ती म्हणाली, "तिला परसाकडंला म्याच उचलून नेती. खाली बसताच येत नाय. तुला असं करायला कुणी सांगितलं व्हतं?"

राग नव्हता त्यात. तिला खरंच माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं होतं. सांगणारे मोजायला बसलं तर एक एसटी भरली असती, आणि दारात घंटी धरून मी उभी असते.

पोरगी म्हणाली, "कुणी नाय, मावशी. मीच धरला. मलाच सोडायचा नव्हता."

मी गप बसायचं कबूल केलं होतं. शिव्यांच्या वेळी बसलेही असते. हे मला ऐकवेना.

"तसं नाय, ताई," मी म्हणाले. "तिला आम्ही सांगितलं. सगळ्यांनी. मी बी सांगितलं."

त्या बाईनं माझ्याकडं मान वळवली नाही. ती माझ्या पोरीच्या हातातल्या कपाकडं बघत होती. कप कलला होता आणि चहा बशीत सांडत होता. तिनं तो काढून घेतला, उरलेला चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बशी पोरीच्या तोंडाशी धरली.

"पी, बाई," ती म्हणाली. "गार व्हईल."

पोरगी प्यायली. माझा कप माझ्या हातात होता. मला कुणी पी म्हणालं नाही.